नॉरफोक ते फ्लोरिडा: जलमार्गावर शेजारच्या बोटवाल्यांशी ओळख कशी करावी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल वॉटरवे या जलमार्गावर महिनाभर घालवून आलेल्या ओळखीच्या माणसांची तक्रार ठरलेली असते: "रोज त्याच बोटी दिसायच्या, हात हलवायचो, पण बोलणं कुणाशीच झालं नाही." मी विचारतो, त्यांना गाठलंत कधी? उत्तरही ठरलेलं. ते नांगर टाकत होते तेव्हा, नाहीतर पूल उघडायची सगळे वाट बघत असताना रेडिओच्या सोळा नंबरवर. म्हणजे ज्या वेळी कुठलाही कप्तान तुम्हाला 'नंतर बघू' म्हणेल, नेमकी तीच वेळ.

शून्य मैल नॉरफोकला आहे, मायामी साधारण १,०९० मैलांवर. शिडाची बोट इथे बहुतेक इंजिनावरच चालते आणि दिवसाला ४०-५० मैल कापते. सगळ्यांचा वेग सारखा, पूल तेच आणि नांगर टाकायच्या जागाही त्याच. त्यामुळे तीच माणसं पुन्हापुन्हा भेटतात. फक्त कोणत्या भेटीत काय करायचं आणि काय नाही, हा क्रम नीट कळला पाहिजे. खाली तोच दिला आहे.

१. निघण्याआधी: कार्ड, एआयएस आणि डबे

बोटीचं कार्ड छापून घ्या. आकार व्हिजिटिंग कार्डाचाच. त्यावर बोटीचं नाव, बाजूने काढलेला बोटीचा फोटो, दोघांची पहिली नावं, फोन, ई-मेल, बोटीची लांबी आणि मूळ बंदर. फोटो स्वतःचा नको, बोटीचाच हवा. इथे लोक चेहरा विसरतात, पण 'ती निळ्या पट्ट्याची, मागे सायकली बांधलेली' हे पक्कं लक्षात ठेवतात. मागची बाजू कोरी आणि खरखरीत ठेवा, म्हणजे 'कुठे भेटलो' ते पेनाने लिहिता येतं. घरच्या इंकजेटवर छापू नका. दमट केबिनमध्ये शाई पसरते. आमची पहिली ५० कार्डं अशीच गेली.

सावध: कार्डावर घरचा पत्ता घालू नका. घर सहा महिने बंद आहे हे तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरणार आहात.

एआयएस (आसपासच्या बोटी नावासकट पडद्यावर दाखवणारं उपकरण) असेल तर त्यात भरलेलं नाव आणि बोटीच्या मागे रंगवलेलं नाव एकच आहे ना, हे बघा. पुष्कळांच्या उपकरणात आधीच्या मालकाचं नाव राहिलेलं असतं, काहींमध्ये नावाची जागा रिकामीच असते. मग पडद्यावर नुसता नऊ आकडी नंबर दिसतो आणि नंबराला कोणी हाक मारत नाही. तुमचं उपकरण फक्त घेणारं आहे की पाठवणारंही, तेही माहीत करून घ्या. फक्त घेणारं असेल तर तुम्हाला सगळे दिसतात आणि तुम्ही कुणालाच दिसत नाही.

बोटीचं नाव मराठी असेल, तर ते रेडिओवर अक्षरं सुटी करून सांगायची सवय आधीच लावा. आमची 'पारिजात'. पापा, अल्फा, रोमियो, इंडिया, ज्युलिएट, अल्फा, टँगो. पहिल्या आठवड्यात हे म्हणताना जीभ अडखळायची. आता झोपेत म्हणतो.

आणि डबे. पुष्कळ विमा कंपन्या चक्रीवादळांमुळे १ नोव्हेंबरच्या आधी फार दक्षिणेला उतरू देत नाहीत, म्हणून गर्दी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेकडे सरकते. आपली दिवाळी नेमकी त्यातच. फराळ करून न्या, पण घट्ट झाकणाच्या लहान लहान डब्यांत भरा. एक मोठा डबा रोज उघडलात तर चौथ्या दिवशी चकली मऊ पडते. शंकरपाळे सगळ्यांत जास्त टिकतात.

तपासा: कार्डं, बोटीत सहज हाताशी येईल अशी वही, दोन पेनं, डब्यांवर चिकटवायला टेप.

२. रेडिओ: हाक सोळावर, गप्पा दुसरीकडे

व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, १६ नंबर हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी. समोरच्या बोटीचं नाव दोनदा, 'धिस इज', आपलं नाव एकदा, ओव्हर. उत्तर आलं की लगेच दुसरा नंबर सुचवायचा: ६८, ६९, ७१, ७२ किंवा ७८ए. तिकडे जाण्याआधी तो नंबर क्षणभर ऐका. कोणी बोलत असेल तर दुसरा घ्या. १३ आणि ९ वर गप्पा मारू नका. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात उघडते पूल आणि लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करणारे दरवाजे) चालवणारे १३ वर असतात, फ्लोरिडात पूलवाले ९ वर. ७० तर बोलण्यासाठी नाहीच, तो डिजिटल संकेतांचा.

जवळच्या बोटीशी बोलताना रेडिओ एक वॉटवर आणा. पंचवीस वॉटवर तुमचं बोलणं पंधरा-वीस मैलांतले सगळे ऐकतात, आणि ऐकतातच. रिकाम्या दुपारी दुसरा विरंगुळा काय? म्हणून 'आज रात्री आम्ही दोघंच अमुक खाडीत असू', 'बोट दोन दिवस सोडून गावात जातोय' असलं काही हवेत सोडू नका.

पहिलं बोलणं अर्ध्या मिनिटात संपवा. 'तुम्हाला काल पुलापाशी पाहिलं, आज कुठपर्यंत?' एवढं पुरे. लांबलचक ओळख करून देणाऱ्या माणसाला लोक दुसऱ्यांदा उत्तर देत नाहीत.

३. ओलांडताना: ओळख इथूनच सुरू होते

हा टप्पा बहुतेक जण ओळखीत धरतच नाहीत. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. दुपारी चारला ज्याच्या शेजारी नांगर टाकणार, त्याची कॉफी तुम्ही सकाळी दहाला सांडलेली असेल तर चकली देऊनही उपयोग नाही.

तुम्ही मागून येऊन पुढे जाणार असाल तर:

१. पुरेसं अंतर असतानाच नावाने हाक मारा आणि कोणत्या बाजूने जाणार ते सांगा. 'ऑन द वन' म्हणजे पुढच्या बोटीच्या उजव्या अंगाने, 'ऑन द टू' म्हणजे डाव्या. या शिट्ट्यांच्या खुणा आहेत, रेडिओवर बोलून ठरलं तरी चालतं.

२. पुढचा वेग कमी करेपर्यंत थांबा.

३. हळू पुढे जा आणि पूर्ण पुढे गेल्यावरच वेग वाढवा. जाता जाता बोटीचं नाव घेऊन आभार माना.

तुम्हाला कोणी ओलांडत असेल, तर तुमचं काम एकच: इंजिन जवळजवळ निष्क्रिय वेगावर आणा. नवखे इथेच चुकतात. त्यांना वाटतं, मी माझ्या वेगाने जातोय, लाट करणार तो. पण तुम्ही सहा नॉटवर राहिलात तर पुढे जाण्यासाठी त्याला आठ-नऊवर जावं लागतं आणि त्याच वेगाला त्याच्यामागे सगळ्यांत मोठी लाट उठते. तुम्ही तीनवर आलात तर तो पाचवर निघून जातो आणि दोघांच्या कपातला चहा कपातच राहतो. तो पुढे गेला की त्याच्या मागच्या बाजूला वळून त्याची लाट सरळ कापा.

४. पूल, लॉक आणि मोफत धक्के

पूल उघडायची वाट बघताना गप्पा मारू नका. वारा आणि प्रवाह बोट ढकलत असतो, सगळे गोल गोल फिरत असतात. हात करा, नावं टिपून घ्या, बस.

लॉकमध्ये मात्र वेळ मिळतो. नॉरफोकहून निघालात की बाराव्या मैलाच्या आसपास ग्रेट ब्रिजचं लॉक आणि त्याच्या पुढेच पूल. या दोन्हींच्या मध्ये बोटी बांधता येतात आणि हंगामात पहिली ओळख इथेच होते. आपले दोर बांधून झाले, फेंडर (बोट घासू नये म्हणून कडेला लटकवायच्या फुगीर गाद्या) बसले, की मागून येणाऱ्याचे दोर घ्यायला उभे राहा. दोर हातात घ्याल, पण तो कप्तान सांगेल तिथेच बांधा. स्वतःच्या बुद्धीने आधी नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, दोर ओढून आवळलात तर त्याची मागची बाजू धक्क्यापासून बाहेर फेकली जाते. मदतीच्या नादात घडणारी ही सर्वांत नेहमीची चूक.

दुसरा रस्ता डिस्मल स्वॅम्प कालव्याचा. दोन टोकांना डीप क्रीक आणि साउथ मिल्स ही लॉक आहेत आणि ती दिवसातून ठरलेल्या वेळांनाच उघडतात. वादळानंतर आणि दुरुस्तीच्या काळात हा कालवा बंदही असतो, तेव्हा आधी चौकशी करा. मधे नॉर्थ कॅरोलिनाच्या हद्दीत स्वागत केंद्राचा लहानसा धक्का आहे. हंगामात तिथे जागा पुरत नाही, म्हणून बोटी एकमेकींना बांधतात, कधी तीन-चार एका रांगेत. इथे ओळख टाळू म्हटलं तरी टळत नाही, कारण धक्क्यावर उतरायला तुम्हाला शेजाऱ्याच्या बोटीवरून चालत जावं लागतं.

त्याचे नियम:

- बांधण्याआधी विचारा. 'हो' आल्यावरच दोर टाका. फेंडर तुमचे, आणि दोन्ही बाजूंना.
- डोलकाठ्या एका रेषेत येऊ देऊ नका. बोट थोडी पुढे-मागे घ्या. रात्री दुसऱ्या बोटीमागची लाट आली की वरचे आडवे स्प्रेडर एकमेकांवर आपटतात.
- दुसऱ्याच्या बोटीवरून जाताना पुढच्या बाजूने जा, कॉकपिटमधून नाही. कॉकपिट म्हणजे त्यांची ओसरी, विचारल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. चपला-बूट काढून जाणं आपल्याला शिकवावं लागत नाही. इथे त्याचं कौतुक होतं.
- 'सकाळी किती वाजता निघणार?' हे संध्याकाळीच विचारा. साउथ मिल्सचं लॉक इथून पाचेक मैलांवर, म्हणजे चांगला तासभर. पहिल्या उघडण्याला पोचायचं असेल तर त्याच्या तासभर आधी निघावं लागतं, आणि सर्वांत बाहेरची बोट हलल्याशिवाय आतली निघू शकत नाही.

पुढे एलिझाबेथ सिटी आणि ओरिएंटल इथले गावचे धक्के. ओरिएंटलला ४८ तास फुकट राहता येतं. अशा ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन धक्क्यावर एक फेरी मारा. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात पाना नसेल आणि डोकं इंजिनात नसेल, तर बोलायला हरकत नाही. सुरुवात बोटीपासून करा. 'हा नांगर कोणता? गाळात धरतो का?' या प्रश्नावर वीस मिनिटं न बोललेला माणूस मला अजून भेटायचाय.

सगळ्यांत उत्तम दिवस कोणता म्हणाल तर वाऱ्याने अडकलेला. अल्बेमार्ल साउंड ही रुंद खाडी उथळ आहे, जोराच्या वाऱ्यात तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात आणि उत्तरेकडच्या बोटी धक्क्यालाच बसून राहतात. कोणाला कुठे जायचं नसतं. जेवायला बोलवायचं असेल तर त्या दिवशी बोलवा.

५. नांगर टाकताना: आधी चांगले शेजारी व्हा

कॅम्प लेज्यून या लष्करी तळाच्या हद्दीतल्या माइल हॅमक बेसारख्या जागी संध्याकाळी गर्दी होते, कारण आसपास दुसरा आसरा नाही. तिथे किनाऱ्यावरही उतरता येत नाही, त्यामुळे जे काही भेटणं ते पाण्यावरच.

आधी आलेल्याचा मान पहिला. त्याने किती साखळी सोडली आहे ते विचारून आपली जागा ठरवा. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात-आठ फुटांचा. हिशेब असा: ओहोटीला पाणी १० फूट, वर भरती ८ फूट, नाळेची पाण्यापासून उंची ४ फूट, एकूण २२. पाचपट साखळी म्हणजे ११० फूट. शेजाऱ्याने ११० सोडली आणि तुम्ही ६० वर थांबलात, तर रात्री प्रवाह उलटला की दोन बोटी दोन वेगळ्या वर्तुळांत फिरणार आणि ओळख पहाटे दोनला, पायजम्यात होणार.

सावध: कोणी नांगर टाकत असताना हाक मारू नका, हात हलवू नका, सल्ला तर अजिबात देऊ नका. नाळेवर एक आणि सुकाणूवर एक उभा असतो, त्या वेळी नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी फक्त खुणांनी बोलतात.

तपासा: इंजिन मागे घेऊन नांगर धरला का, नांगराचा दिवा लावला का. स्वतःची बोट पक्की झाल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही.

६. डिंगीने (बोटीवरच्या छोट्या होडीने) भेटायला जाणं

समोरच्याने इंजिन बंद केल्यावर निदान एक तास जाऊ द्या. ऊन उतरायला लागलं आणि माणसं कॉकपिटमध्ये येऊन बसली की निघा.

१. हळू जा. मागून किंवा बाजूने, ते तुम्हाला दुरून बघू शकतील असे.

२. दहा-बारा फुटांवर थांबा आणि बोटीच्या नावाने हाक मारा. लगेच कडेला हात लावू नका, दोर टाकू नका.

३. आपलं नाव, बोटीचं नाव आणि ती कुठे उभी आहे ते हाताने दाखवून सांगा.

४. त्यांनी दोर मागितला तरच द्या. नाही मागितला तर तिथूनच दोन मिनिटं बोला, कार्ड द्या आणि परत फिरा.

कॉकपिट रिकामं असेल तर परत जा. बोटीवर टकटक फक्त संकटात.

आमच्याकडे अशीच एकदा कॅनडाच्या झेंड्याची एक बोटवाली बाई आली होती. वल्ही मारत आली, लांब थांबली, वल्ही आडवी धरली आणि म्हणाली, "सकाळी तुम्ही आम्हाला हळू जाऊ दिलंत, तेवढं सांगायला आले." बायकोने तिच्या हातात चकलीचा लहान डबा ठेवला. तिने एक उचलली, वळवून पाहिली, कुठून खायला सुरुवात करायची तेच तिला कळेना. मग मधूनच मोडली. अर्ध्या तासाने रेडिओवर हाक आली, एक वॉटवर: "पारिजात, त्या गोल वस्तूला काय म्हणतात?" पुढचे तीनशे मैल आम्ही सोबत होतो.

आपल्याकडचा अडसर वेगळाच असतो: 'कशाला उगाच त्रास द्यायचा.' त्या भिडेपोटी अनेक जण या पायरीवरच थांबतात. वर दिलेल्या पद्धतीने गेलात तर त्रास होत नाही. नको असेल तर ते दोन मिनिटांत हसून निरोप देतात आणि त्यात अपमान नसतो.

७. संध्याकाळची बैठक

बोलावणं बहुधा पाचच्या सुमाराचं. त्याला सनडाऊनर म्हणतात. पेय आपलं, ग्लासही आपला न्यायचा, आणि सगळ्यांना पुरेल असं काहीतरी खायला. बोटीवर धुवायचं पाणी मोजकं असतं, म्हणून ताट-वाटी लागेल असं नेऊ नका. बोटांनी उचलता येईल ते न्या. शेंगदाणे किंवा काजू असतील तर आधी सांगा. चिवड्यात दाणे असतात हे आपण गृहीत धरतो, त्यांना ते माहीत नसतं, आणि दाण्यांची अ‍ॅलर्जी इथे थट्टेचा विषय नाही.

हे जेवण नव्हे. दीड-दोन तासांत उठायचं. 'अजून थोडं बसा' हा आपला आग्रह त्यांना कळत नाही आणि त्यांचा न बोललेला इशारा आपल्याला कळत नाही. रात्री नऊला इथे मध्यरात्र म्हणतात, कारण पहाटे सगळ्यांना निघायचं असतं.

परत जाताना डिंगीवर पांढरा दिवा हवा, लाइफ जॅकेट हवं. दारूची कायद्याची मर्यादा, ०.०८ टक्के, डिंगी चालवणाऱ्यालाही लागू आहे.

परत आल्यावर झोपण्याआधी वहीत लिहा: बोटीचं नाव, माणसांची नावं, कुत्र्याचं नाव, बोट पाण्याखाली किती फूट, पुढे कुठे जाणार. कुत्र्याचं नाव विसरलात तर माफी नाही.

८. सोबतीने प्रवास करायचा असेल तर

दोन-तीन बैठकींनंतर 'उद्या एकत्र निघू' असं ठरतं. त्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: रेडिओवर कोणत्या नंबरवर आणि किती वाजता बोलायचं, वेग किती, एकाला थांबायचं असेल तर दुसऱ्याने थांबायची सक्ती नाही, आणि हवामानाचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. दुसरा निघतोय म्हणून निघणं आणि दुसरा थांबलाय म्हणून थांबणं, दोन्ही महाग पडतं.

त्याहून महाग पडतं पुढच्याच्या मागे डोळे मिटून जाणं. जॉर्जियात लिटल मड रिव्हर नावाचा एक तुकडा आहे. नावातच चिखल आहे, तरी मला कळलं नाही. ओहोटी लागली होती, पुढे ओळखीची कॅटामरान (दोन तळांची, उथळ पाण्यात चालणारी बोट) होती, आणि मी खोली बघायची सोडून तिच्याच मागे सुकाणू धरून बसलो. ती पाण्याखाली साडेतीन फूट, आम्ही पाच फूट दोन इंच. बोट आधी मऊ लोण्यात शिरल्यासारखी थांबली, मग हळूहळू एका अंगावर कलली. स्टोव्हवरचं वरण खाली आलं. पुढचे सहा तास आम्ही भरतीची वाट बघत तिरके बसून होतो. कॅटामरानवाले पुढे जाऊन थांबले, दर तासाला रेडिओवर विचारपूस करत राहिले. चूक त्यांची नव्हतीच. मी त्यांची खोली कधी विचारलीच नव्हती.

तपासा: सोबतच्या प्रत्येक बोटीची पाण्याखालची खोली आणि डोलकाठीची उंची वहीत आहे का? या मार्गावर बहुतेक स्थिर पुलांखाली ६५ फूट मिळतात, पण १२६ व्या मैलावरच्या विल्करसन पुलाखाली ६४ फूटच आहेत. तुमचा मित्र पार झाला म्हणजे तुम्ही व्हाल असं नाही.

९. पांगायच्या आधी

फ्लोरिडात व्हेरो बीचच्या बोयांवर (बोट बांधायच्या तरंगत्या खुंट्यांवर) हंगामात एकेका बोयाला दोन-तीन बोटी एकत्र बांधायला लावतात. वाटेत चुकलेले पुष्कळ जण इथे सापडतात. माणसं इतकी चिकटून राहतात की गावाला गमतीने वेल्क्रो बीच म्हणतात. थँक्सगिव्हिंगला बोटवाल्यांचं एकत्र जेवणही होतं. पण इथून पुढे वाटा फुटतात: कोणी बहामाला, कोणी फ्लोरिडाच्या कीज बेटांकडे, कोणी बोट ठेवून घरी.

म्हणून उसनं घेतलेलं सगळं इथेच परत करा: दोर, पाना, चार्ट, पुस्तकं. तुमच्या डब्यांच्या झाकणांवर टेप लावून बोटीचं नाव आधीच लिहिलेलं असेल तर तेही परत येतील. आमचा चकलीचा डबा कॅनडावाल्यांकडून परत आला तेव्हा त्यात मेपलच्या साखरेचे तुकडे होते, आणि टेपवर 'पारिजात'च्या खाली पेनाने लिहिलं होतं: 'च-क-ली'.